पिवळा तारा, जालियनवाला आणि तुमचे ओळखपत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महापालिकेतील कंत्राटी सफाई कामगारांचा मोर्चा निघणार आहे. कायम कामगारांच्या ओळखपत्राला निळी पट्टी आणि कंत्राटी कामगारांच्या ओळखपत्राला पिवळी पट्टी देण्यात आली असून, पिवळ्या पट्टीच्या माणसाला विश्रांतीची खोली आणि उपाहारगृह वापरता येत नाही. मागच्या धरण्याच्या वेळी आवाराचे फाटक बाहेरून बंद करण्यात आले होते. संघटनेतील तरुण कार्यकर्त्यांनी सुचवले आहे की, नाझींनी ज्यूंना लावायला भाग पाडलेला पिवळा तारा सर्वांनी छातीवर लावावा आणि मोर्चाच्या अग्रभागी ‘हे आमचे जालियनवाला’ असा फलक धरावा. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याला हरकत घेतली आहे. प्रश्नकर्त्याचे म्हणणे असे की, आमच्यावरचा अन्याय खरा आहे, मग तो ठळकपणे मांडण्यात गैर ते काय?

अन्याय खरा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मनातही ती असेल असे वाटत नाही. कामगार संघटनांसाठी फलक, घोषणा आणि वृत्तपत्रांना द्यायची निवेदने लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोर्चाच्या तयारीत या ना त्या रूपात होतोच. वाद ‘चालेल की चालणार नाही’ या पातळीवर अडकला की तो मतांवर सोडवावा लागतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे प्रतीक ठरते. म्हणून मी प्रश्न थोडा वेगळा मांडतो. प्रतीक म्हणजे न उच्चारलेले विधान असते. तारा लावणारा माणूस तोंडाने काही बोलला नाही, तरी ‘त्यांच्यावर जे आले ते माझ्यावर आले आहे’ असे तो म्हणत असतो. हे विधान कागदावर एका वाक्यात लिहून त्याखाली संघटनेचा शिक्का मारायला तुम्ही तयार आहात का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रतीकागणिक आणि संघटनेगणिक बदलते, आणि तुमच्या बाबतीत ताऱ्याचे उत्तर वेगळे आहे, जालियनवाल्याचे वेगळे आहे.

आधी तारा. १ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मनीत एक पोलिसी आदेश निघाला आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेपासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीने कपड्यावर पिवळा तारा शिवून घेतल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा गुन्हा ठरला. व्याप्त पोलंडमध्ये निळ्या ताऱ्याची पांढरी दंडपट्टी १९३९ च्या अखेरीसच सक्तीची झाली होती आणि व्याप्त फ्रान्समध्ये ही सक्ती जून १९४२ मध्ये आली. फ्रान्समधील एक तपशील मी कार्यकर्त्यांच्या शिबिरांत आवर्जून सांगतो: तारे मिळवण्यासाठी माणसाला स्वतःच्या कापड रेशनचा एक गुण खर्च करावा लागत असे. या खुणेचे काम माणसांना वेगळे ओळखू येईल असे करणे आणि नंतर त्यांना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांत भरणे सोपे करणे हे होते. पुढे जे घडले त्यात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. तारा छातीवर येतो तेव्हा ही सगळी साखळी त्याच्याबरोबर येते आणि तिच्यातील पहिलीच कडी तेवढी घेऊन बाकीच्या कड्या गळून पडाव्यात अशी सोय प्रतीकात नसते.

ही सोय अनेकांनी करून पाहिली आहे. करोनाच्या काळात जर्मनीत निर्बंधांच्या आणि लसीकरणाच्या विरोधातील मोर्चांत ‘लस न घेतलेला’ असे लिहिलेले पिवळे तारे दिसू लागले, तेव्हा म्युनिक शहराने २०२० मध्येच अशा निदर्शनांत ते लावण्यास मनाई केली. इतर देशांतही ते दिसले आणि सगळीकडे एकच घडले: निर्बंध योग्य होते की अतिरेकी होते हा प्रश्न मागे पडला आणि चर्चा ताऱ्याची झाली. यावर कोणी म्हणेल की त्या लोकांचा त्या इतिहासाशी संबंधच नव्हता. मग ज्यांचा संबंध निर्विवाद आहे त्यांचे उदाहरण घ्या. ३१ डिसेंबर २०११ रोजी जेरुसलेममध्ये कर्मठ ज्यूंच्या एका गटाने, समाजात आपल्याविरुद्ध द्वेष पसरवला जात असल्याची तक्रार करत, मुलांना पिवळे तारे लावून निदर्शने केली. होलोकॉस्टची, म्हणजे या ज्यू नरसंहाराची, स्मृती जपणाऱ्या याद वाशेम या संस्थेने त्याचा निषेध केला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलचे संयुक्त राष्ट्रांतील तत्कालीन राजदूत गिलाद एर्दान हे सुरक्षा परिषदेत पिवळा तारा लावून बसले, तेव्हाही याद वाशेमचे अध्यक्ष दानी दायन यांनीच त्यावर जाहीर हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की, तारा हे दुसऱ्यांच्या दयेवर जगणाऱ्या असहाय माणसांचे चिन्ह आहे आणि आज स्वतःचे राष्ट्र व सैन्य असलेल्यांनी ते लावणे योग्य नाही. वंशाचे नाते असूनही परिस्थितीचे नाते नसेल तर प्रतीक कसे खोटे पडते, हे मला यापेक्षा नेमकेपणाने सांगता येणार नाही.

याचा अर्थ छळछावणीतील कोणतेही चिन्ह कोणीही कधीच वापरू नये, असा मी काढत नाही. त्याच छावण्यांत समलिंगी पुरुष कैद्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण असे. युद्ध संपले, छावण्या उघडल्या, पण ज्या कलमाखाली या लोकांना पकडले गेले होते ते कलम १७५ पश्चिम जर्मनीत नाझींनी कडक केलेल्या स्वरूपातच १९६९ पर्यंत लागू राहिले. म्हणजे इतरांसाठी संपलेला काळ त्यांच्यासाठी संपलाच नव्हता. १९७० च्या दशकात तेथील समलिंगी चळवळीने तो त्रिकोण स्वतः होऊन उचलला. पुढे अमेरिकेत एड्सची साथ पसरली असताना १९८६ मध्ये एका नामांकित स्तंभलेखकाने वृत्तपत्रातून असे सुचवले की रुग्णांच्या अंगावर ओळखीसाठी गोंदवावे. त्या वातावरणात न्यूयॉर्कमधील एका लहान गटाने काळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी त्रिकोण आणि खाली ‘मौन म्हणजे मृत्यू’ हे शब्द असलेले भित्तिपत्रक काढले आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲक्ट अप’ या संघटनेने ते रस्त्यावर नेले. छावणीत त्रिकोणाचे टोक खाली असे, भित्तिपत्रकावर ते वर होते. येथे समाज तोच होता, अंगावर खूण करण्याची भाषा पुन्हा ऐकू येत होती, आणि सरकारच्या दुर्लक्षामुळे माणसे खरोखर मरत होती. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ते प्रतीक टिकले.

आता हाच निकष तुमच्या पिवळ्या पट्टीला लावून पाहू. प्रशासनाने माणसांना रंगाने वेगळे केले आणि त्या रंगाच्या आधारावर पाणी पिण्याची, टेकण्याची जागा नाकारली, एवढ्यापुरते साम्य आहे, आणि ते क्षुल्लक नाही. पण तुमची पट्टी ठेक्याच्या करारातून आली आहे, तिच्या मागे स्वस्तात काम करून घेण्याचा हिशेब आहे आणि तिच्या पुढे गाडी उभी नाही. आपल्याकडे या अंतराची जाणीव बोथट आहे हेही मान्य केले पाहिजे. नवी मुंबईत २००६ मध्ये एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देण्यात आले होते आणि ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते बदलावे लागले. नाव देणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नव्हते. रायगड, ठाणे, मुंबई या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आपल्या शेजारीच आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमचा मोर्चा रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत असेल, तर त्याला तारा का लावला हे पटवून देता येईल का? मला येणार नाही, म्हणून तारा नको असे माझे मत आहे.

जालियनवाला बागेचे प्रकरण वेगळे आहे, कारण तो इतिहास आपला आहे आणि त्यावर प्रत्येक भारतीयाचा काही हक्क आहे. तिथे प्रश्न हक्काचा नसून मापाचा आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, डायरच्या हुकुमावरून सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली आणि काँग्रेसच्या चौकशी समितीने हजाराच्या आसपासचा अंदाज दिला. आपल्या राजकारणात हे नाव फार सहज उच्चारले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या जामिया विद्यापीठातील पोलीस कारवाईनंतर तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये लखीमपूर खेरीच्या घटनेनंतर शरद पवार यांनी जालियनवाल्याची तुलना केली. लखीमपूरला खरोखर माणसे मारली गेली होती, संताप रास्त होता. तरीही लगेच विरोधकांनी पवारांचा पक्ष सत्तेत असताना झालेल्या २०११ च्या मावळ गोळीबाराची, म्हणजे तीन शेतकऱ्यांच्या मृत्यूची, आठवण करून दिली आणि चर्चा ‘कोणाच्या राजवटीतले जालियनवाला’ या वळणावर गेली. मोठ्या नेत्याला हे परवडते, कारण उद्या त्याच्यासमोर पुन्हा माईक येणारच असतो. तुमच्या मोर्चाला वर्तमानपत्रात तीन इंच जागा मिळणार आहे. त्या तीन इंचांत ‘फाटक बंद करण्याला जालियनवाला म्हणणे अतिशयोक्त, प्रशासनाचा खुलासा’ एवढेच छापून आले, तर ठेकेदाराचे काम तुम्हीच केलेत असे होईल.

पण बंद फाटकाची गोष्ट मी सोडून देणार नाही, कारण ती गंभीर आहे. फक्त तिच्यासाठी अमृतसरपेक्षा नागपूर जवळ आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात, अडवून धरलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मरण पावली, आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. पोलिसांच्या गोळीने तिथे कोणी मेले नाही. गर्दीला जायला वाट नव्हती. तुमच्या फाटकाबद्दल निवेदन देताना हा दाखला एका वाक्यात द्यावा, पण पुराव्याच्या भाषेत द्यावा: आवारात किती माणसे होती, फाटक किती वाजता आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद झाले, दुसरी वाट होती का, आत गरोदर स्त्रिया किंवा आजारी माणसे होती का. ११४ हा आकडा मात्र तुमच्या फलकावर नको. सीताबर्डीतल्या स्मारकापाशी दरवर्षी त्या दिवशी गोवारी समाज श्रद्धांजली वाहायला जमतो, आणि अनुसूचित जमातीच्या दर्जाच्या ज्या मागणीसाठी तो मोर्चा होता तिचा लढा २०१८ मध्ये उच्च न्यायालयात जिंकून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्यानंतरही संपलेला नाही. ज्यांचा लढा चालू आहे त्यांच्या मृतांचा आकडा दुसऱ्याने आपल्या फलकावर घेऊ नये. घ्यायचाच असेल तर आधी त्यांना विचारून घ्यावा.

तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त खटकली ती न लिहिलेली गोष्ट. सफाई कामगार आहेत, अंगावर खूण आहे, बसायला-पाणी प्यायला वेगळी जागा आहे, आणि उपमा शोधायला आपण थेट बर्लिनला गेलो आहोत. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्य माणसाला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात नोंदवले आहे. वरच्या निकषावर हे प्रतीक ताऱ्यापेक्षा कितीतरी पटीने उतरते. काम तेच आहे, आणि तुमच्या संघटनेतील बऱ्याच सदस्यांचा समाजही बहुधा तोच असेल. मग गळ्यात मडकी बांधून मोर्चा काढावा का?

येथे माझे उत्तर ‘विचारल्याशिवाय मुळीच नको’ असे आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे. प्रतीक इतिहासाच्या दृष्टीने खरे असले, तरी ते कोणाच्या अंगावर चढणार आहे हा प्रश्न उरतोच. अनेक संघटनांत ठराव लिहिणारे हात वेगळे असतात आणि झाडू धरणारे हात वेगळे. पदाधिकारी म्हणतात, ‘दृश्य परिणामकारक होईल’, आणि ज्या बाईला ते मडके गळ्यात घालून स्वतःच्या वस्तीवरून, मुलांच्या शाळेसमोरून चालायचे आहे तिला बैठकीत कोणी विचारलेलेच नसते. तिच्या आजीने जे उतरवून ठेवले ते एका छायाचित्रासाठी तिने पुन्हा घालायचे, हा तिचा अपमानच आहे, जरी तो तिच्याच भल्यासाठी योजलेला असला तरी. आंबेडकरी चळवळीने रस्त्यावर काय आणले हे पाहिले तर यातली समज दिसते. तिथे झाडू-मडके फारसे दिसत नाही. तिथे निळा झेंडा दिसतो, २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे दिसते, भीमा कोरेगावचा स्तंभ दिसतो. अपमान भाषणात येतो, गाण्यात येतो. छातीवर लावायला मात्र लोकांनी उभे राहिल्याच्या खुणा निवडल्या. हे कोणी फर्मान काढून ठरवलेले नाही, म्हणूनच मला ते अधिक विश्वासार्ह वाटते.

तरीही एखाद्या वस्तीतील कामगार स्त्रियांनी स्वतः होऊन ठरवले की आम्ही मडके घेऊनच जाऊ आणि महापालिकेच्या दारात ते फोडू, तर मी आडवा येणार नाही. त्या कृतीचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे आणि तो त्यांचा आहे. परिस्थितीनुसार उत्तर बदलते असे मी म्हणतो ते या अर्थाने. तुमच्या संघटनेची रचना, कोण बोलते आणि कोण ऐकते, हे मला दुरून दिसत नाही, तुम्हाला दिसते.

विचारण्याची पद्धतही नीट असावी. सर्वसाधारण सभेत ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ असे विचारले तर सगळे हो म्हणतात. मी मुकादम आणि पदाधिकारी नसताना, हजेरीच्या ठिकाणी, सकाळची पाळी संपल्यावर लहान गटांत विचारतो आणि प्रश्न असा ठेवतो: ‘हे लावलेला तुमचा फोटो तुमच्या घरच्यांनी पाहिला तर काय म्हणतील?’ उत्तर पहिल्या मिनिटात चेहऱ्यावरच मिळते. दुसरी एक साधी तपासणी म्हणजे फलकाचा फोटो काढून घोषणा, बॅनर, तारीख सगळे कापून टाकणे आणि फक्त एक माणूस व त्याच्या अंगावरचे प्रतीक एवढेच ठेवून संबंध नसलेल्या कोणाला तरी ते दाखवणे. मोबाइलवर फिरताना तुमचे छायाचित्र असेच फिरणार आहे. पाहणाऱ्याला त्यावरून सफाई कामगारांचा प्रश्न सुचला नाही, तर प्रतीक दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगत आहे.

कायद्याची एक बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पिवळ्या ताऱ्याविरुद्ध वेगळा कायदा नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात, त्यांत प्रेते, आकृत्या किंवा पुतळे यांचे प्रदर्शन करण्यास मनाई करता येते आणि अनेकदा ती केलेली असते. तिरडी, प्रतीकात्मक प्रेतयात्रा असे काही कोणाच्या डोक्यात असेल, तर आदेशाची प्रत आधी वाचून घ्या. ऐन मोर्चात तिरडी जप्त झाली की उरलेला दिवस पोलीस ठाण्यात जातो.

मग मोर्चात न्यायचे काय? तुमच्याकडे स्वतःचे प्रतीक तयार आहे आणि ते प्रशासनानेच छापून दिले आहे. दोन्ही ओळखपत्रे माणसाच्या उंचीएवढी मोठी करून शेजारी शेजारी धरा: एक निळी पट्टी, एक पिवळी पट्टी, आणि पदनामाच्या जागी दोन्हींवर एकच शब्द, ‘सफाई कामगार’. खाली दोघांचा महिन्याचा पगार, दोघांच्या रजा, आणि विश्रांतीच्या खोलीसमोर एकीकडे ‘होय’, दुसरीकडे ‘नाही’. वैयक्तिक माहिती दिसणार नाही याची काळजी घ्या. नाव आणि क्रमांक झाका. प्रत्येकाने आपले खरे पिवळे ओळखपत्र छातीवर लावावे. ते रोज लावावेच लागते, त्यामुळे त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही. ज्या कायम कामगारांचा पाठिंबा आहे त्यांनी त्या दिवशी आपल्या निळ्या पट्टीवर पिवळा कागद चिकटवला तर उत्तम. पण त्यांच्यावर कारवाई होऊ शकते का हे आधी वकिलाला विचारा. मागणीच्या बाजूने, समान कामाला समान वेतन या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात दिलेला निकाल निवेदनात घ्या. तुमची नेमणूक थेट महापालिकेची आहे की ठेकेदारामार्फत, यावर तो किती लागू पडतो हे अवलंबून राहील, म्हणून त्या परिच्छेदाची भाषा वकिलाकडून तपासून घ्या.

इतिहास बोलायचा असेल तर तो मंचावरून बोला. भाषणात तुलना करताना कुठपर्यंत साम्य आहे आणि कुठे संपते हे सांगायला जागा असते. फलकावर ती नसते. मडक्याची आणि झाडूची गोष्ट एखाद्या कामगार स्त्रीने स्वतःच्या शब्दांत सांगितली, तर तिला पाच मिनिटे द्या आणि तिच्या आधी कोणा पाहुण्याचे भाषण ठेवू नका. ज्येष्ठ सहकाऱ्याने हरकत घेतली आहे, त्यांच्याकडेच मसुदा समितीचे काम सोपवावे असे मी सुचवेन. फ्लेक्सवाल्याला मजकूर मोर्चाच्या दोन दिवस आधी तरी द्या आणि ओळखपत्राचा पिवळा रंग छापताना फिका पडणार नाही हे नमुना काढून पाहून घ्या.